टेशनाच्या नळाचं पानी

गिरजे, खरं सांगतो. तुले न्हाऊ घालून राह्यले होते, ज्योती तुह्या पायाशी पडून हंबरडा फोडून राह्यली होती, आन माह्या डोक्यात येकच गोष्ट आली. मी मरीन तवा माही पोरगी माह्यासाठी एवढी रडन का?

आता म्हनशीन, मंदे, मढ्यापाशी बी जळते का वं कोनी? जळते. मी जळली. बायांनी मले धरलं, म्हने, पाहा, विहिनीसाठी विहीन कशी रडते. त्यायले काय मालूम, अर्धं रडनं तुह्यासाठी होतं आन अर्धं त्या पोट्टीचा हंबरडा माह्यासाठी नव्हता म्हनून होतं. माह्या पोटची पोरगी. वाशीमच्या बाजूच्या आमच्या भाजीच्या वाडीत, मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्या तिले वाढोली. ताप आला तर उशाशी मी बसली, शाळेत घालाले मी गेली. आन जऊळक्याले तुह्या पोराच्या घरात देली, तर दोन-तीन सालात ती तुही झाली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या तुनं, दुसरं काय. मले ती माय म्हने, तुले आई. म्या फोन केला का म्हने, "माय, थांब, आईले विचारून सांगतो." कायले विचारा लागते वं? फोडनीत लसून किती टाकाचा हे बी आईले विचारून?

तू हासून राह्यली असशीन. हास. मेलेल्या मानसाले काय, फुकटात हासता येते.

आपलं सारं सुरू झालं ते बी पान्यापासूनच. आमच्यात रीत हाये, लेकीले लेकरू होईस्तोवर मायबापानं तिच्या घरचं अन्नपानी घ्याचं नाई. माह्या मायनं पाळली, तिच्या मायनं पाळली, म्या बी पाळली. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या घरी आली तवा ज्योती तांब्या घेऊन समोर उभी राह्यली. म्या मान हालोली, "राहू दे बाई." तिनं तांब्या तसाच आत नेला. मले वाटलं, सालभरात लेकरू होईन, मंग पोटभर जेवू. लेकरू झालं नाई. डाक्टर झाले, देव झाले, नवस झाले. दर खेपेले मी तुह्या ओट्यावर बसे, दर खेपेले ती तांब्या घेऊन ये, आन दर खेपेले मी कोरड्या घशानं उठून जाऊ. टेशनावर पोचली का ढसाढसा पानी पेऊ.

तोड तुनंच काढली. "विहीनबाई," तू म्हनली, "माह्या घरचं तुमाले चालत नाई. मंग गाडीत भेटू. पॅसेंजर काई माह्या पोराच्या नावानं नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे अकोल्याहून पूर्ण्याची गाडी येते. मी जऊळक्याले बसतो, तुमी वाशीमले बसा. शिदोरी आपली आपली. उतरू कुठीबी, पाहू काईबी, आन सांजच्या गाडीनं वापस."

आमच्या घरच्यानं डोकं धरलं. दोन विहिनी, दोघीयचे बी केस पिकलेले, आन रेल्वेनं गावं पाहत हिंडतीन? पन मी आली. कायले आली, सांगू? तुह्यासाठी नाई आली. माही पोरगी कशी हाये ते तुह्या तोंडून ऐकाले आली. मानसाले आपल्या लेकीची खबर दुसरीच्या तोंडून घ्या लागते, ह्याच्यापरीस वाईट काय असते?

पहिल्याच दिशी गाडी हालली आन तुनं फर्मान काढलं. "हे तुमी-तुमी फलाटावर ठिवून ये. गाडीत मी गिरजा आन तू मंदा." तवापासून गाडीत तू, आन टेशनाच्या बाहेर पाय टाकला का "या विहीनबाई, चाला विहीनबाई." आता तू कोनत्या गाडीत हायेस ते मले मालूम नाई, पन मी तुले तूच म्हनतो. राग येत असन तर ये आन भांड.

खिडकीवरून आपन किती भांडलो बाप्पा! हिंगोलीकडं जाचं असलं तर तू आधी बसे, मंग खिडकी तुही. अकोल्याकडं जाचं असलं तर मी आधी, खिडकी माही. म्हनून तुले नेहमी हिंगोलीच आवडे. "आज अकोल्याकडं जाऊ," म्हनलं का तुहा गुडघा दुखाले लागे. हिंगोलीकडं जाताना तो गुडघा कुठी जाये वं? आन खिडकीत बसून तू माह्यासाठी बाहेरचं सांगत बसे. हरभरा घाट्यावर आला. तिकडं पाह्य, कोनाची तूर वाळली. अवं मलेबी डोळे हायेत, सरक ना जराशी! पन नाई सरकली कधी.

पन काय काय पाह्यलं आपन! बार्शीटाकळीचं ते काळ्या दगडाचं देऊळ. भिंतीवर दगडाची बाई आरसा घेऊन उभी. तू कमरेवर हात ठिवून तिच्यासमोर उभी राह्यली आन म्हनली, "मंदे, राजे आले न् राजे गेले, हिचं अजून कुंकू लावनंच होऊन नाई राह्यलं. हिची सासू काय म्हनत असन?" मी पोट धरून हासली. पुजारी आपल्याकडं पाहून राह्यला होता. अकोल्याच्या किल्ल्यावर बुरुजाच्या पायरीवर माही चप्पल तुटली, तर तुनं आपली येक काढून मले देली. दोघी येका-येका चपलेनं उतरलो, तापलेल्या दगडावर लंगडत. औंढ्याले देवळाच्या त्या खालच्या गाभाऱ्यात उतराचं होतं. इवलीशी वाट, अंधार, मी वरच थांबली. तू आधी उतरली आन खालून हाका मारल्या, "ये वं, मी हावो ना इथी." मी उतरली. देव पाह्यला का नाई ते आठवत नाई. तुहा हात आठवते, घामानं वला झालेला.

आन अमानवाडी. तिथी पाहाले काईच नव्हतं. जंगल, पळस, लहानसं टेशन. "इथी कायले उतराचं?" म्या म्हनलं. तू म्हनली, "इथी कोनीच उतरत नाई म्हनून." पळसाखाली ठेचा-भाकर खाल्ली, आन दुसरी गाडी येईस्तोवर निजलो. मी जन्मात इतकी बेफिकीर निजली नव्हती.

त्या दिशी बी पानी तुहंच होतं. तुह्या पिशवीत स्टीलची लांब बाटली राहे, झाकनाले लाल गोफ बांधलेला. म्या पहिल्या खेपेलेच विचारलं होतं, "पानी कुठलं?"

"टेशनाच्या नळाचं," तू म्हनली. पापनी बी हालली नाई तुही.

मंग ठीक. नळ सरकारचा, रीतीले धक्का नाई. म्या तोंड लावलं. गार आन गोड, वाळ्यावानी वास. म्या म्हनलं, "नळाच्या पान्याले वाळ्याचा वास कसा वं?" तुनं येकदम खिडकीबाहेर बोट दाखोलं, "पाह्य पाह्य, हरन!" मी उठून, तुह्यावरून वाकून पाह्यलं. हरन काई दिसलं नाई. मंग दर खेपेले मी विचारू, "पानी कुठलं?" आन तू म्हने, "नळाचं." पेऊन झालं का मी म्हनू, "काई म्हन गिरजे, तुह्या गावच्या नळाले चव हाये. आमच्या हिरीच्या पान्याले नाई येत." तू बाटलीचं झाकन लावे आन गुमान बाहेर पाहे. मले वाटे, गावाची तारीफ केली म्हनून खूश झाली.

पन मी तिथी पानी पेयाले थोडीच येत होती. मी ज्योतीसाठी येत होती. आन तू मले ज्योती सांगे, पन कशी सांगे? जशी ती तुहीच हाये. "ज्योतीले कारलं लय आवडते." कारलं? माह्या घरी ती पोट्टी कारल्याची फोड मांजराले घाले! "ज्योतीच्या पाठीत चमक भरली होती, म्या तेल लावून चोळून देली." ते तेल माह्या काळजावर सांडल्यावानी झालं. "ज्योती आता पोथी वाचते, मी ऐकतो." मलेबी ऐकाची होती ना वं, माह्या पोरीच्या तोंडून. मी मेथी-सांबाराच्या जुड्या, वांगे पिशवीत भरून तुह्या हाती तिले पाठवू, आन मनात म्हनू, भाजी माही जाते, शाबासकी हिले भेटत असन.

म्या तुले हे कधी बोलून दाखोलं नाई. तुले समजत होतं मात्र. सारं समजत होतं.

मंग ती शेवटची खेप. हिंगोलीच्या फलाटावर वापसीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. तू शेंगा फोडता फोडता म्हनली, "मंदे, येक बोलू? पोरगी तांब्या घेऊन उभी राहते आन तू मान हालवतं. तिले काय वाटते मालूम हाये का? तिले वाटते, माय दर खेपेले मले आठवन करून देते. लेकरू नाई, म्हनून पानी नाई."

"रीत म्या नाई काढली."

"मोडली तर कोन फाशी देते तुले?"

माहं डोकं फिरलं. "तुले काय जाते बोलाले? तुले रोज तिच्या हातचं भेटते. भाकर भेटते, पानी भेटते, आई म्हनून हाक भेटते. जिचं पोट भरलं तिनं उपाशी मानसाले शिकवू नोको!"

फलाटावरची मानसं पाहाले लागली. तुह्या हातातल्या शेंगा तशाच राह्यल्या. मंग तू हळूच म्हनली, "थांब, तुले येक गोष्ट सांगतो. पन चिडशीन नाई ना?" आन तेवढ्यात गाडी आली. बाजाराचा दिवस, ही गर्दी. तुले येकीकडं जागा भेटली, मले दुसरीकडं. वाशीमले उतरून मी तुह्या खिडकीपाशी आली तं गाडी हालली होती. तू ओरडली, "पुढच्या खेपेले! पूर्ण्याले जाऊ तवा सांगतो!"

पूर्ण्याले, जिथी ही गाडी संपते. किती दिवसाचं ठरलं होतं आपलं. आन तू त्याच्या आधीच उतरून गेली. बिनसांगता. मी भांडनात वरच्या पट्टीत होती आन तू मरून जिंकली. हे काई बरोबर नाई केलं, गिरजे.

तेरवीच्या दिशी बी तेच झालं. पंगती उठल्या, ज्योती तांब्या घेऊन माह्यासमोर आली. डोळे सुजलेले. मी काई बोलाच्या आधीच ती म्हनली, "हो माय, मालूम हाये," आन तांब्या घेऊन फिरली. आधी निदान उभी तरी राहे. मले वाटलं, गेली. तू होती तवर तुह्या तोंडून थोडीशी भेटत होती. आता तेवढीबी नाई भेटत.

काई दिवसानं तिचा फोन आला. "माय, उद्या पॅसेंजरनं येतं का? पूर्ण्याले जाऊ. मी जागा धरतो."

वाशीमले गाडी आली तं ती खिडकीत. तुह्याच. बाजूच्या जागेवर तुही हिरवी शाल पसरलेली. "बस माय." मी बसली. खिडकी देईन असं वाटलं होतं, नाई देली. तुह्याच हाताखाली तयार झालेली.

गाडी निंघाली आन मी तोंड उघडलं. म्या ठरवलंच होतं, आज आपन हिले सांगाचं. हिच्या आईचं मले जे मालूम हाये ते हिले मालूम नाई. म्या म्हनलं, "बार्शीटाकळीच्या देवळात येक दगडाची बाई हाये..."

"आरसेवाली," ती म्हनली. "आईनं दाखोली मले."

"कवा?"

"तुमी जाऊन आल्या ना, त्याच्या मांगून. म्हने, तुही माय इथी उभी राहून पोट धरून हासली. पुजारी पाहत राह्यला."

मंग म्या म्हनलं, "अकोल्याचा किल्ला?"

"तुही चप्पल तुटली ती पायरी बी पाह्यली. आन अमानवाडीचा पळस बी. आई म्हने, ह्याच्या बुडाशी निजली होती, लेकरावानी, तोंड उघडं टाकून."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मले वाटत होतं, ते सारं आपलं दोघीचं होतं. तुनं मले येक खेप नेलं, आन माह्या मांगून तिले नेलं, माह्याच पावलावरून. मले सांगितलं बी नाई! दोन्ही खेपेले तू होतीच. मले अर्धं, तिले अर्धं, तुले पुरं. मी खिडकीबाहेर पाहाले लागली, आन मधात दिसे तिचंच तोंड, बाजूनं. अगदी माह्यावानी नाक. हे बी मले कधी दिसलं नव्हतं.

हिंगोली गेली, वसमत गेलं. ऊन तापलं. घसा कोरडा पडला. तिनं पिशवीत हात घातला आन तीच बाटली काढली, लाल गोफाची.

मी सवयीनं म्हनून गेली, "पानी कुठलं?"

ती माह्याकडं पाहत राह्यली. "कुठलं म्हंजे?"

"टेशनाच्या नळाचं ना? गिरजा आने तसं?"

"आई तुले असं सांगे?" ती हासली, आन हासता हासता तिचे डोळे भरले. "माय, मी भरून देत होती वं ते. घरच्या माठातलं. आई आदल्या दिशीच म्हने, ज्योती, माठात वाळा टाक, उद्या तुह्या माईले भेटाचं हाये, तिले तहान लय लागते. निंघताना मी बाटली भरून देऊ. आन सांजच्याले आई वापस आली का पायातल्या चपला बी नाई काढे, आधी ओट्यावर उभी राहून बाटली उलटी करे. म्हने, पाह्य, येक थेंब नाई ठिवला तुह्या माईनं. म्हने, तारीफ करत होती, असं पानी आमच्या हिरीले नाई म्हने."

"मंग तू मले कधी..."

"आईनं शपथ घातली होती. सांगितलं तर ती पेनं सोडन म्हने. मी तेवढ्यासाठीच वाट पाहू माय. बाटली रिकामी पाहाले."

गिरजे! लबाड बाई! हे सांगाचं होतं तुले पूर्ण्याले? आता समजलं ते हरन कुठी होतं ते. इतके वर्सं मी माह्या लेकीच्या हातचं पानी पेत राह्यली आन गुन तुह्या नळाचे गात राह्यली! माही रीत तुनं कवाच बुडोली होती, आन मी तुह्यासमोर तिची शेखी मिरवून राह्यली होती. तुनं त्या फलाटावर माह्या शिव्या खाल्ल्या, उपाशी-बिपाशी, काय काय बोलली मी. तवा बी ती बाटली तुह्या पिशवीत रिकामी पडली होती. काहून नाई काढली बाहेर? काहून नाई हानली माह्या डोक्यात?

रागानं रडू आलं मले. भर डब्यात. ज्योती घाबरली. तिले वाटलं, रीत मोडली म्हनून रडते. तिनं बाटली मांगं घेतली, झाकन लावाले लागली, हलक्या आवाजात म्हनली, "राहू दे माय. पूर्ण्याले टेशनावर पेजो."

तवा म्या तिच्या हातातून बाटली हिसकली.

पेली. गटागटा पेली, वाळ्याचा वास घेत, लुगड्यावर सांडत पेली. तहान भागली तरी पेत राह्यली. मंग ती बाटली म्या तिच्या डोळ्यासमोर उलटी धरली. येक थेंब नाई पडला.

आन माह्या पोरीचं तोंड पाह्यलं म्या, गिरजे. इतके वर्सं ते तू येकटीच पाहत होती.